खोदकामातून उजेडात आलेली खनिजे : दख्खनच्या झिओलाइटांचा इतिहास

महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागाखाली काळ्या बेसाल्ट खडकाचे जे थर एकावर एक पसरले आहेत, त्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खनिजांचे स्फटिक ज्या विपुलतेने आणि ज्या सौष्ठवाने आढळतात, तसे ते जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतात. युरोप-अमेरिकेतील मोठ्या निसर्गेतिहास संग्रहालयांत पुणे, नाशिक, जळगाव किंवा भोर घाट अशी नावे लिहिलेल्या चिठ्ठ्यांसह हे स्फटिक मांडलेले असतात. या खनिजांच्या शोधाचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की, त्यांच्यासाठी म्हणून जमीन फारशी कोणी खोदलीच नाही. कोणी घाटातून रेल्वेची वाट काढत होते, कोणी पाण्यासाठी विहीर पाडत होते, कोणी रस्त्याच्या खडीसाठी डोंगर फोडत होते, आणि त्या कामात मधेच आडव्या आलेल्या पोकळीतून हे स्फटिक बाहेर पडत राहिले. दख्खनच्या झिओलाइटांचा इतिहास म्हणूनच मुख्यतः खोदकामाचा इतिहास आहे, आणि त्यातील बऱ्याचशा उणिवाही याच एका गोष्टीतून उद्भवल्या आहेत.

झिओलाइट हे एका खनिजाचे नाव नसून एका मोठ्या कुलाचे नाव आहे. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेड्रिक क्रॉन्स्टेट यांनी १७५६ मध्ये फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज तापवले असता ते उकळत असल्यासारखे फुगून त्यातून वाफ निघू लागली, म्हणून त्यांनी ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला हे नाव दिले. रसायनदृष्ट्या ही खनिजे म्हणजे ॲल्युमिनियमची जलयुक्त सिलिकेटे होत. सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू अशा रीतीने असतात की त्यांचा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंची घनाकृती, तयार होतो. असे असंख्य चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून एक त्रिमितीय सांगाडा उभा राहतो. या सांगाड्यात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येते, त्यामुळे सांगाड्यावर ऋण विद्युत भार शिल्लक राहतो, आणि तो भागवण्यासाठी कॅल्शियम, सोडियम किंवा पोटॅशियमचे धन भारित आयन सांगाड्यातील पोकळ्यांत येऊन बसतात. उरलेली जागा पाण्याचे रेणू व्यापतात. फेल्डस्पार या नेहमीच्या खनिजाचा सांगाडाही याच प्रकारचा असतो. पण तो घट्ट विणीचा असतो, तर झिओलाइटाचा सांगाडा सैल विणीचा असतो आणि त्यातील मार्ग इतके मोकळे असतात की पाणी व आयन त्यांतून ये-जा करू शकतात.

या मोकळेपणामुळेच झिओलाइटाला त्याचे विलक्षण गुणधर्म प्राप्त झाले आहेत. १८४० मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ दामूर यांनी दाखवून दिले की, झिओलाइट तापवून त्यातील पाणी घालवले तरी स्फटिकाचा सांगाडा ढासळत नाही आणि दमट हवेत ठेवल्यास ते पाणी पुन्हा शोषून घेते. १८५८ मध्ये आइकहॉर्न यांनी चॅबाझाइट आणि नॅट्रोलाइट या दोन झिओलाइटांवर प्रयोग करून सिद्ध केले की, क्षारांच्या द्रावणात ठेवले असता त्यातील आयनांची द्रावणातील आयनांशी अदलाबदल होते आणि ही अदलाबदल उलटही फिरवता येते. जड पाणी मृदू करण्याच्या पुढील काळातील पद्धतीचे बीज या प्रयोगात होते. १९२५ मध्ये वायगेल आणि श्टाइनहॉफ या जर्मन संशोधकांना असे आढळले की, पाणी काढून घेतलेले चॅबाझाइट मेथिल व एथिल अल्कोहोलाची वाफ आत घेते, पण ॲसिटोन, ईथर आणि बेंझीन यांना बाहेरच ठेवते, कारण त्यांचे रेणू सांगाड्याच्या द्वारापेक्षा मोठे असतात. या वर्तनाला मॅकबेन यांनी १९३२ मध्ये ‘रेणू चाळणी’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

हे गुण प्रयोगशाळेत कळतात. खाणीत मात्र झिओलाइट ओळखले जाते ते त्याच्या रूपावरून. दख्खनमध्ये सर्वांत अधिक आढळणारे स्टिल्बाइट हे पांढरे, पिवळसर किंवा फिक्या नारिंगी गुलाबी रंगाचे असून त्याचे पातळ स्फटिक मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीच्या आकाराने एकत्र वाढतात. ते हातात घेतले तर आकाराच्या मानाने हलके लागते, कारण त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.१ ते २.२ एवढेच असते, तर ज्या बेसाल्टमध्ये ते सापडते त्याचे विशिष्ट गुरुत्व ३ च्या जवळपास असते. त्याची कठिनता ३.५ ते ४ असल्याने चाकूच्या पात्याने त्यावर सहज ओरखडा उठतो, आणि ज्या एका दिशेने ते नीट फुटते त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक असते. ह्यूलँडाइटचे स्फटिक बाह्यतः त्याच्याशी साम्य दाखवतात. पण त्यांचा मधला भाग रुंद आणि टोके निमुळती असतात, आणि मोत्यासारखी चमक याही खनिजाच्या एकाच पृष्ठावर असते. स्कोलेसाइट हे लांब, बारीक, पांढऱ्या किंवा रंगहीन सुयांच्या जुडग्यांत वाढते व इतरांपेक्षा कठीण, म्हणजे ५ ते ५.५ कठिनतेचे असते. मॉर्डेनाइट इतक्या सूक्ष्म तंतूंचे बनलेले असते की त्याला बोट लावण्याची सोय नाही. एकदा दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. लॉमाँटाइटचा स्वभाव याहून त्रासदायक आहे. ओल्या खडकातून बाहेर काढताना ते चांगले घट्ट असते, पण कोरड्या हवेत त्यातील काही पाणी निघून जाते, स्फटिक पांढुरका व अपारदर्शक होतो आणि पुढे हात लागताच त्याचा चुरा पडतो. संग्रहालयांच्या फडताळांत लॉमाँटाइटच्या नावाची चिठ्ठी आणि तिच्याखाली पांढरी भुकटी असे दृश्य दुर्मिळ नाही.

झिओलाइटांच्या सोबतीने त्याच पोकळ्यांत अशीही काही खनिजे येतात की जी झिओलाइट नसूनही बाजारात आणि बोलण्यात त्यांच्याच पंगतीला बसवली जातात. त्यांत ॲपोफिलाइट हे प्रमुख असून त्याच्या अणूंची रचना सांगाड्याची नसून थरांची असते. त्याचे रंगहीन किंवा हिरवे, काचेसारखे चमकदार स्फटिक दख्खनच्या नमुन्यांचे मुख्य आकर्षण ठरले आहेत. पांढऱ्या केसाळ गोळ्यांच्या रूपातील ओकेनाइट, गायरोलाइट, हिरवट प्रेहनाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ हीदेखील याच परिवारातील होत. सामान्य मराठी व्यवहारात या सर्वांना सरसकट गारगोटी म्हटले जाते. शास्त्राच्या दृष्टीने ते चूक असले तरी व्यवहाराच्या दृष्टीने पुरेसे आहे.

हे स्फटिक तयार कसे झाले हे समजण्यासाठी बेसाल्टच्या उत्पत्तीकडे वळावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पुन्हा पुन्हा वर आला आणि त्याचे प्रवाह थिजून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उरलेला दख्खन ट्रॅप हा खडकसमूह बनला. भुसावळ येथे कोळशाच्या शोधार्थ घेतलेल्या १,२१७ फूट खोल छिद्रातून निघालेल्या खडकाचा लुईस फर्मर यांनी १९२५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांना असे २९ प्रवाह एकाखाली एक मोजता आले. प्रत्येक प्रवाह थंड होत असताना त्यातील वायू वर सरकतात आणि प्रवाहाचा माथा लवकर थिजल्यामुळे बुडबुड्यांच्या रूपाने तेथेच अडकतात; म्हणून प्रवाहाचा मधला भाग भरीव व कठीण, तर वरचा भाग जाळीदार असतो. या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या गेल्या म्हणजे खडकावर पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. विहिरी खोदणारे लोक अशा ठिसूळ, ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि भरीव खडकाला काळा पाषाण म्हणतात. भूवैज्ञानिकांनी पाठ्यपुस्तकांतून जो भेद शिकवला तो या लोकांना पहारीच्या आवाजावरून कधीचाच कळलेला होता.

पोकळ्या भरण्याचे काम पाण्याने केले. खडकांतून झिरपणारे कोमट पाणी बेसाल्टमधील काच आणि फेल्डस्पार यांना हळूहळू विरघळवीत गेले व त्यातून मिळालेले सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम आणि सोडियम पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने साचवीत गेले. बहुधा आधी हिरवट-काळ्या मृद्‌-खनिजांचे पातळ अस्तर बसते, नंतर झिओलाइट येतात, आणि ॲपोफिलाइट व कॅल्साइट पुष्कळदा सर्वांच्या शेवटी वाढतात. ही सगळी घडामोड एका दमात झाली नाही. लाव्हा थिजून गेल्यानंतर लक्षावधी, आणि काही स्फटिकांच्या बाबतीत कोट्यवधी वर्षांनी ती पुन्हा पुन्हा घडत राहिली. पोकळी लहान असली तर ती गच्च भरून जाते आणि पाहण्यासारखे काही उरत नाही; ती मोठी असली आणि पाण्याचा पुरवठा मधेच थांबला तरच स्फटिकांना मोकळ्या जागेत आपापला आकार घेता येतो. म्हणूनच पांढरे ठिपके दख्खनमध्ये जागोजागी दिसत असले तरी उत्तम नमुना देणारी पोकळी क्वचितच लागते.

झिओलाइट कोठे सापडत नाहीत हे पाहिल्यानेही त्यांच्या उत्पत्तीवर प्रकाश पडतो, आणि त्यासाठी मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित असलेला तमिळनाडूतील कुंभकोणमचा परिसर उपयोगी पडतो. १६७६ मध्ये व्यंकोजी भोसले यांनी तंजावरची गादी घेतल्यापासून १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांची सत्ता होती आणि तिच्या आश्रयाने अनेक मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. ही घराणी काळ्या पाषाणाचा मुलूख सोडून ज्या भूमीवर आली, तिच्यात नांगर लागेल एवढ्या खोलीवर दगडच नाही. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध, नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या जाड थरावर वसले आहे. जवळच्या स्वामीमलै येथील मूर्तिकार ओतीव मूर्तींच्या साच्यांसाठी जी बारीक माती वापरतात ती याच गाळाची. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचा कठीण दगड त्रिभुज प्रदेशाबाहेरून आणावा लागला, आणि तो दगड दक्षिण भारतातील अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइस जातीचा आहे. असे खडक पृथ्वीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाबाखाली आणि शेकडो अंश तापमानात घडलेले असतात. झिओलाइटांची निर्मिती सामान्यतः २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या खालीच होते व त्याहून फार अधिक उष्णतेत ती टिकत नाहीत, म्हणून अशा खडकात त्यांना थारा नसतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा जो प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरवला, तो एवढ्या बारीक अक्षरांत कोरता आला यालाही या एकजिनसी दगडाचा हातभार आहे. मांजऱ्या खडकावर तशी अक्षरे कोरू गेले असता पावलोपावली छिन्नी ठिपक्यात अडकली असती. आज कावेरीच्या मुखाकडील नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर झिओलाइट पोहोचते, पण ते पोत्यांतील भुकटीच्या रूपाने. कोळंबीच्या तलावांतील अमोनिया कमी करण्यासाठी ती वापरली जाते.

दख्खनमध्ये खडक फोडण्याची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. भाजे, कार्ले, नाशिकची पांडवलेणी, अजिंठा, वेरूळ ही सर्व लेणी याच बेसाल्ट प्रवाहांत खोदली गेली आणि त्यांच्या भिंतींत खनिजांनी भरलेल्या पोकळ्या आजही दिसतात. ज्या कारागिरांनी ही लेणी कोरली त्यांना हे स्फटिक शेकडो वेळा हाताशी आले असणार. परंतु त्यांना या पोकळ्या म्हणजे कामातील अडथळा होता, आणि त्या लिंपून टाकण्यापलीकडे त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. भारतीय रत्नपरीक्षेच्या परंपरेने जी रत्ने मानली त्यांचे मोल कठिनता, पाणी आणि टिकाऊपणा यांवर ठरत असे. चाकूने ओरखडा उठणाऱ्या आणि उन्हात चुरा होणाऱ्या दगडाला त्या परंपरेत स्थान मिळाले नाही यात नवल नाही.

लिखित शास्त्रीय इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स यांचा या प्रदेशाच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत १८३६ मध्ये छापला गेला, आणि त्यात काळ्या खडकाच्या पोकळ्यांतील झिओलाइटांची नोंद आली. त्याआधीच, १८३१ मध्ये, हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञांनी पुण्याहून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ असे नाव देऊन स्वतंत्र खनिजाचा मान दिला होता. स्टिल्बाइटमधून ह्यूलँडाइट वेगळे काढून त्याला १८२२ मध्ये नाव देणारे ब्रुक हेच. त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा होता. तरीही पूनालाइट टिकले नाही. पुढील विश्लेषणांत ते मेसोलाइट हे झिओलाइटच असल्याचे ठरले आणि पुण्याचे नाव खनिजांच्या यादीतून उतरून जुन्या कोशांतील एका समानार्थी शब्दापुरते उरले. सह्याद्रीचेही असेच झाले. चार्ल्स शेपर्ड या अमेरिकी खनिजशास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये सह्याद्रीवरून ‘सायहेड्राइट’ असे नाव दिलेले हिरवट खनिज अशुद्ध स्टिल्बाइटच्या पलीकडे काही नव्हते. नागपूरकडील हिरव्या कॅल्साइटला सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या सन्मानार्थ ‘हिस्लॉपाइट’ म्हटले, तेही आज स्वतंत्र जातीचे नाव राहिलेले नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे सर्व निर्णय रास्तच आहेत. फक्त त्यांचा परिणाम असा झाला की, ज्या भूमीने एवढे नमुने दिले तिच्या नावाचा मागमूस या खनिजांच्या नावांत राहिला नाही.

नमुन्यांचा खरा ओघ सुरू झाला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बोगद्यांतून. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्ग सुरू झाल्यावर पुढचा प्रश्न सह्याद्री चढण्याचा होता. भोर घाटातील काम १८५६ मध्ये हाती घेतले गेले. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या या मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले होते. सॉलोमन ट्रेडवेल यांनी १८५९ मध्ये कंत्राट घेतले, पण भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते काम पुरे करवून घेतले. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते, आणि पटकी व तापाच्या साथींनी त्यांतील किती जणांचा बळी घेतला याची नीट मोजदादही ठेवली गेली नाही. यंत्रे नव्हती, पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवायची आणि फुटलेला दगड पाट्यांनी बाहेर काढायचा, अशी रीत होती. या पद्धतीत एक लाभ आपोआप होता, तो असा की, प्रत्येक फुटलेला दगड माणसाच्या हाताखालून जात असे. सुरुंगाने उघडलेल्या पोकळीत चमकणारे स्फटिक दिसले की मजूर ते बाजूला ठेवीत आणि अभियंते ते विलायतेस नेत. भोर घाटातील ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट अशा रीतीने ब्रिटिश संग्रहांत पोहोचले. नमुन्याच्या चिठ्ठीवर देणाऱ्या साहेबाचे नाव असते. ज्याने तो अंधाऱ्या बोगद्यात दगडापासून न मोडता सोडवला त्याचे नाव कोठेही नसते.

१८८७ मध्ये फ्रेडरिक मॅलेट यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिलेल्या खनिजशास्त्राच्या खंडात तोवरची माहिती एकत्र केली. त्यानंतर काही दशके या विषयात तुटक भर पडत राहिली. मुंबईतील गायरोलाइट व ओकेनाइट यांवरील क्रिस्टी यांचा १९२५ चा लेख हा तिचा एक नमुना होय. पायाभूत म्हणावे असे काम मात्र स्वातंत्र्यानंतर आणि मुंबईतच झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे आर. एन. सुखेश्वाला यांनी आर. के. अवासिया आणि एम. गंगोपाध्याय यांच्यासह १९७४ मध्ये पश्चिम भारतातील झिओलाइटांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ही खनिजे कशीही विखुरलेली नसून लॉमाँटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइट अशा तीन पट्ट्यांत त्यांची स्थूल मांडणी करता येते, असे प्रतिपादन होते. जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडच्या बेसाल्टमध्ये झिओलाइटांचे असेच पट्टे दाखवले होते आणि त्यांवरून झीज होण्यापूर्वी लाव्हाचा मूळ माथा किती उंच असावा याचा अंदाज बांधला होता, कारण खोलीबरोबर तापमान वाढते आणि तापमानाप्रमाणे झिओलाइटाची जात बदलते. ज्या पांढऱ्या ठिपक्यांकडे कोणी पाहत नव्हते ते सह्याद्रीच्या झिजून गेलेल्या उंचीचे साक्षीदार ठरू शकतात, ही कल्पना मराठी वाचकापर्यंत आजही पुरेशी पोहोचलेली नाही.

याच सुमारास नमुन्यांचा व्यापार वाढीस लागला. शहरे फुगू लागली, रस्ते व इमारतींसाठी खडीची मागणी वाढली आणि पुण्याभोवती पाषाण, वाघोली, तर मुंबईत मालाड, कांदिवली या भागांत दगडखाणी चालू झाल्या. पाषाणच्या टेकड्यांतून १९७० च्या दशकात निघालेल्या हिरव्या ॲपोफिलाइटने परदेशी संग्राहकांचे डोळे दिपवले, आणि रॉक करियर या अमेरिकी व्यापाऱ्यांनी १९७६ मध्ये दख्खनमधील झिओलाइट नमुन्यांच्या उत्पादनावर सविस्तर लेख लिहून या खाणींची वाट जगाला दाखवली. कांदिवलीच्या खाणीतून मुंबईला युगावारालाइटसारखे दुर्मिळ झिओलाइटही मिळाले. पुढे नाशिक, सिन्नर, जळगाव, औरंगाबाद ही नावे गाजू लागली. राहुरीजवळ तर एका विहिरीच्या खोदकामात निघालेल्या हिरव्या ॲपोफिलाइटच्या गोलाकार झुबक्यांनी या शतकाच्या आरंभी जागतिक बाजारात खळबळ उडवली.

विहीर आणि खाण यांतला फरक येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. विहीर पाडणारी टोळी, आणि महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने वडार समाजाने केले आहे, एका वेळी थोडाच खडक उडवते. पोकळी लागली तर ती दिसते आणि हाताने मोकळी करता येते. खडीच्या यांत्रिक खाणीत मात्र ओळीने छिद्रे पाडून एकदम मोठा कडा पाडला जातो, डंपर भरून तो क्रशरला जातो, आणि मधल्या तासाभरात कोणाची नजर पडली नाही तर लक्षावधी वर्षांचे स्फटिक खडीत मिसळून जातात. खाणमालकाच्या हिशेबात झिओलाइटयुक्त जाळीदार दगड हा कच्चा माल म्हणून कमी प्रतीचाच असतो, आणि अभियंत्याचेही मत तेच. दोघांचेही चूक नाही. त्यामुळे नमुने वाचतात ते व्यापाऱ्याने खाणीत पेरून ठेवलेल्या एखाद्या जाणत्या मजुरामुळे.

वाघोलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात १९६७ मध्ये सापडलेले कॅव्हन्साइट हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे सिलिकेट, जे झिओलाइट नसले तरी झिओलाइटांवरच वाढते, तेथे अतिशय अल्प प्रमाणात मिळाले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणीतून पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे गर्द निळे गुच्छ बाहेर आले, आणि तेव्हापासून जगातील बहुतेक प्रेक्षणीय कॅव्हन्साइट वाघोलीचेच असते. पुणेकरांना वाघोली ठाऊक आहे ती वाहतुकीच्या कोंडीमुळे आणि नव्या गृहसंकुलांमुळे.

कृत्रिम झिओलाइटांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९४० च्या दशकात रिचर्ड बॅरर यांनी ब्रिटनमध्ये आणि रॉबर्ट मिल्टन यांनी अमेरिकेतील युनियन कार्बाइडमध्ये झिओलाइट प्रयोगशाळेत घडवले. १९५४ पासून ते विक्रीस आले आणि पेट्रोलियमचे शुद्धीकरण, वायू सुकवणे व धुण्याची पूड अशा नाना कामांत शिरले. पुण्यात १९५० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ या नावाचे झिओलाइट उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ, विकसित केले व ते देशी उद्योगात वापरले गेले. ही प्रयोगशाळा पाषाणच्या रस्त्यावरच आहे. तरी तेथील कृत्रिम झिओलाइट आणि शेजारच्या टेकड्यांतील नैसर्गिक झिओलाइट यांचा परस्परांशी व्यवहार असा फारसा आला नाही, कारण उद्योगाला हवी असते ती एकाच जातीची, शुद्ध आणि टनांनी मिळणारी भुकटी, आणि निसर्ग देतो ती पोकळीगणिक निराळी मिश्रणे.

नमुने मात्र देशाबाहेर जात राहिले. सिन्नरजवळ उभारलेल्या ‘गारगोटी’ या खनिज संग्रहालयाने त्यांतील काही उत्तम स्फटिक महाराष्ट्रात राखले आहेत आणि शिर्डीच्या वाटेवरचे प्रवासी ते पाहू शकतात, ही समाधानाची बाब आहे. पण एका संग्रहालयाने जी उणीव भरून निघत नाही ती नोंदींची. परदेशी संग्रहांतील असंख्य नमुन्यांवर ‘पूना, इंडिया’ एवढेच लिहिलेले असते; त्यांतले कितीतरी प्रत्यक्षात नाशिक किंवा जळगावकडचे असतात आणि पुण्याच्या व्यापाऱ्याकडून विकत घेतले एवढाच त्यांचा पुण्याशी संबंध असतो. खाणीचे नाव व्यापारी गुपित म्हणून लपवले जाते आणि खाण बुजल्यावर ते कायमचे हरवते. पाषाणच्या जुन्या खाणींच्या जागी आज वस्ती आहे, कांदिवलीचीही तीच गत आहे. नमुना नेमका कोणत्या गावी, किती खोलीवर, मांजऱ्यात की काळ्या पाषाणाच्या सांध्यात आणि कोणत्या खनिजाच्या सोबतीने सापडला, या चार ओळी त्याच दिवशी लिहून ठेवल्या तरच त्यापासून काही शिकता येते. एरवी तो केवळ देखणा दगड असतो. महाराष्ट्रातील भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातील चालू खाणींची आणि नव्या विहिरींची अशी नोंदवही ठेवण्यास आरंभ करावा. त्यासाठी एक वही, एक भिंग आणि खाणीतील मजुरांशी बोलण्याची तयारी एवढेच भांडवल लागते.